जरा दम काढ

त्या घरात पुस्तकं ढिगानं होती, पण वाचत बसावं अशी जागा नव्हती. बसायच्या जागी माइकचे स्टँड तंगड्या पसरून उभे होते आणि झोपायच्या गाद्या भिंतीला लावलेल्या होत्या, कारण कुठल्याशा पुस्तकात लिहिलं होतं की गादी लावली की खोलीत आवाज घुमत नाही. गाद्या भिंतीला आणि माणसं फरशीवर, असा तो संसार.

संसार बाईंचा. शाळेत गाणं शिकवायच्या म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणे. नवऱ्याला मात्र कोणी साहेब, भाऊ, काका असं काही म्हणत नसे. त्याला टेक म्हणत. हे नाव त्याच्या जुन्या दोस्तानं, बासरीवाल्यानं ठेवलं. माइकपुढे एकदा गाऊन झालं की तो एक टेक. आणि हा गडी कानावरचा हेडफोन सरकवून दर वेळी एकच बोलायचा, "छान झालं. अजून एक." कोणाला वाटेल, टेक म्हणजे टेक धरलेला माणूस. तसं असतं तर काय हवं होतं! टेक धरणाऱ्याच्या हातून एखादी गोष्ट तरी पुरी होते. याच्या हातून वीसेक वर्षांत एक गाणं पुरं झालं नाही.

गाणं बाईंचं होतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. ‘जाऊ नको, अजून उजेड आहे, दार लोटू नको, अजून पाऊल ओलं आहे.’ लग्नाआधी एका स्टुडिओत त्या कोरसमध्ये गायला जात आणि टेक तिथे केबली गुंडाळायच्या कामाला होता. एकदा सगळे चहाला गेले असताना बाईंनी ते गाणं रिकाम्या खोलीत म्हटलं आणि टेक दारात केबल हातात घेऊन उभा राहिला. "हे मी रेकॉर्ड करणार," तो म्हणाला, "पण इथे नाही. इथल्या लोकांना अक्कल नाही. आपल्या घरी." त्या ‘आपल्या’ला बाई भुलल्या. त्या एका शब्दाबद्दल त्या पुढे इतकं वाईट बोलल्या आहेत की इथे लिहिता येणार नाही.

लग्न झालं आणि पुस्तकं यायला लागली. घरच्या घरी स्टुडिओ कसा करावा याचं पहिलं, माइक कुठे ठेवावा याचं दुसरं, मग आवाज कसे मिसळावेत याचं चांगलं उशीएवढं जाड. पुस्तकांमागून मासिकं आली, मासिकांमागून टपालाने यायचे धडे, आणि पुढे संगणकावरचे व्हिडिओ, ज्यात टोपी घातलेली माणसं आपापल्या खोलीतून जगाला शिकवत असतात. बाईंची एवढीच इच्छा होती की आपलं गाणं, आपल्या गळ्यातून, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नीट टिपलं जावं. त्यात अवघड काय होतं? पण दर नव्या पुस्तकागणिक टेकला आधीचं सगळं चुकलेलं दिसे. मग केलेलं बाजूला पडायचं, खोली उलटीपालटी व्हायची आणि गाणं पुन्हा ‘जाऊ’पासून सुरू व्हायचं.

"अरे, परवाचं चांगलं झालं होतं की!"

"चांगलं झालं होतं. पण खोली ऐकू येतेय त्यात. जरा दम काढ."

हे त्याचं दुसरं पालुपद. जरा दम काढ. बाईंचे कान किटले ते ऐकून.

एका पुस्तकाने सांगितलं, कपड्यांनी आवाज शोषला जातो. झालं! बाईंना कपाटात उभं केलं. समोर टेकच्या विजारी, दोन्ही बाजूंना कोट, आणि पाठीमागून दार ओढून घेतलेलं. तोंडासमोर बाईंच्याच भरतकामाच्या रिंगणावर बाईंचाच पायमोजा ताणून बसवलेला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर माइकवर आपटू नये. नवऱ्याच्या विजारींकडे बघून ‘जाऊ नको’ म्हणायला काय लागतं ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक. दोन वर्षं त्या डांबराच्या गोळ्यांच्या वासात गायल्या. मग पुढच्या पुस्तकात निघालं की कपाटात आवाज मरतो. टेकने हे असं सांगितलं, जणू बाईच हट्टाने आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

रेकॉर्डिंग चाललं की घरात पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. दूध नासायचं. दारावरच्या घंटीची वायर त्याने उपटली ती कायमची, त्यामुळे बाईंची सख्खी बहीण एकदा अर्धा तास दार वाजवून परत गेली आणि वर्षभर बोलली नाही. लेक झाली ती मोज्यांत चालायला शिकली. ती तान्ही असताना एकदा बाई शेवटच्या ओळीपर्यंत सुरेख पोचल्या होत्या आणि पोर पाळण्यात रडली. टेकने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "घालवला टेक कार्टीनं!" पोरीला दूध पाजता पाजता बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. पुढे ती नजर सवयीची झाली.

मग गात का राहिल्या? लेकीने मोठी झाल्यावर हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "गाणं माझं आहे. त्याच्या हातात अडकलंय." राग टेकवर होता आणि जीव गाण्यात होता, आणि दोघं एकाच खोलीत कोंडलेले. बाहेर कुठे जाऊन गावं तर टेक आठवडा आठवडा तोंड फिरवून बसे. "दुसऱ्याच्या हातून वाटोळंच करून घ्यायचं असेल तर खुशाल जा," म्हणे. बाई एकदा खरोखर निघाल्याही होत्या. नेमकी त्याच सकाळी त्याने जिन्यात गाठून सांगितलं, की नव्या पुस्तकात अगदी आपल्याच खोलीसारख्या खोलीवर धडा आहे. त्या परत फिरल्या. यासाठी त्यांनी स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

लेक मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, आणि त्या सुमाराला बाईंचा आवाज बसायला लागला. आधी शाळेत वरचा सूर लागेना, मग बोलतानाही घशात खडा अडकल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या.

"ऑपरेशन करून टाकू, घाबरायचं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आवाज राहील. पण हाच राहील असं मी सांगणार नाही. आणि नंतर काही आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही."

बाई घरी आल्या, पर्स खुंटीला लावली आणि टेकसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे गाणं मी आता एकदा म्हणणार आहे. फक्त एकदा. तुझी पुस्तकं गेली खड्ड्यात."

"अगं, पण आवाज आत्ता बसलाय तुझा. ऑपरेशन होऊ दे, मग..."

"मग कोण गाणार? तुझ्या विजारी?"

लेकीने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला आणि बापाला खांदा धरून खुर्चीत बसवलं. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पायमोज्याचं रिंगण त्यांनी आपल्या हाताने बाजूला केलं. आवाज जड होता, वर जाताना खरखरत होता. ‘अजून’ला तर तो चक्क फाटला. पण त्या थांबल्या नाहीत. ओळ संपली की दम घेत, पुढची ओळ उचलत, आणि तो दम घेणंही त्या गाण्याचाच भाग होता, कारण ते गाणंच कोणाला तरी अडवून धरणाऱ्या बाईचं होतं आणि अडवून धरणाऱ्याला धाप लागतेच. शेवटचा शब्द म्हणून झाल्यावर लेक रडत होती. या खेपेला टेक घालवला असं कोणी म्हणालं नाही.

टेकने हेडफोन सरकवला. त्याच्या ओठांवर ‘अजून’ आलेलं बाईंना दिसलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "हाच. याला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," टेक म्हणाला. लेक साक्षीला होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाई घरी आल्या आणि घर गप्प झालं. शिकवणं बंद, बोलणं बंद, भांडणही बंद. बाई हाताने खुणा करत, फारच झालं तर ताटावर चमचा आपटत. लेक दिवसभर दुकानात. इतकी वर्षं सगळी पुस्तकं ज्या शांततेसाठी गळा काढत होती ती टेकला आयती मिळाली. त्याने काय करावं? बायकोजवळ बसावं, पेज करून द्यावी, काही नाही तर गाद्या तरी खाली घालाव्यात. नाही. तो कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसला आणि शीळ घालायला लागला. बाईंना ती शीळ पलीकडच्या खोलीतून ऐकू येई, आणि हा मेला एवढा खुशीत का आहे हे काही उमगत नसे.

एका रविवारी दुपारी त्याने बासरीवाल्याला बोलावलं. लेक घरीच होती. टेकने बाईंना खुर्ची दिली, पाठीला उशीसुद्धा लावली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"झालं," टेक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "गाणं पुरं झालं."

त्याने बटण दाबलं.

आवाज आला तो बाईंचाच होता. गोड, गोल, कुठे खरखर नाही, कुठे ओरखडा नाही. लेक चक्रावून आईकडे बघायला लागली. बासरीवाला मान डोलवत होता. बाई मात्र ताठ होत गेल्या. ‘जाऊ’ कपाटातला होता, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास आला. ‘नको’ बहीण परत गेली त्या वर्षीचा, चिडका. ‘उजेड’ लग्नानंतर पहिल्या थंडीतला, तेव्हा त्यांना टेक आवडत होता आणि ते त्या शब्दात ऐकू येत होतं. ‘पाऊल’ पाळण्यातली हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्यावर घाईने उरकलेला. त्याच्या मागचं पोरीचं रडणं टेकने बरोबर कापलं होतं. वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे घेऊन एक गाणं शिवायचं, हे या धंद्यात सगळेच करतात, त्यात पाप नाही. पण इथे पंचविशीतली बाई ‘अजून’ म्हणत होती आणि चाळिशीतली बाई ‘दार’ म्हणत होती, आणि ऑपरेशनच्या आधी खोलीच्या मधोमध उभी राहिलेली बाई त्यात कुठेच नव्हती. शेवटच्या टेकमधला एकही शब्द यात नव्हता.

"वा!" बासरीवाला म्हणाला. "वहिनी, काय दम आहे हो गाण्यात! लाव रे पुन्हा. मी जरा धरून बघतो."

त्याने बासरी काढली आणि गाण्याबरोबर वाजवायला लागला. पहिली ओळ वाजली. दुसरी वाजली. तिसरीला त्याचे कान लाल झाले, चौथीच्या अर्ध्यात डोळे बाहेर आले आणि बासरी तोंडातून निसटली. तो खोकत खोकत खाली बसला.

"अरे, मेलो असतो की! वहिनींनी दम कुठे घेतलाय यात? जागाच नाही!"

"काढले," टेक म्हणाला. शाबासकी मिळणार असल्यासारखा बोलला. "सगळे दम काढले. तुकडा बदलला की श्वास जुळत नाही, जोड उघडा पडतो. पुस्तकात दिलंय, श्वास वेगळ्या ट्रॅकवर टाकायचे आणि तो ट्रॅक बंद ठेवायचा. ऐकणाऱ्याला स्वच्छ वाटतं."

बाईंनी चमचा उचलला. आपटला नाही. लेकीकडे बघून एक बोट वर केलं, मग आपल्या छातीवर ठेवलं, मग त्या संगणकाकडे रोखलं. लेकीला कळायला वेळ लागला नाही.

"बाबा, आईचं त्या दिवशीचं लावा."

टेकने मान खाजवली.

"ते... अगं, तालाला आधार म्हणून तेच खाली घेतलं होतं मी, त्या बंद ट्रॅकवरचे श्वासही त्यातलेच. त्याच्यावरच हे सगळं बसवलंय. म्हणजे एका अर्थी हे तेच आहे."

"बाबा. ते लावा."

"ते नाहीये आता. साफ केलं." आता त्याचा आवाज चढला, कारण चुकलेला माणूस असाच बोलतो. "जन्मभर मला काय ऐकवलंत दोघींनी? पुरं कर, पुरं कर! त्या जाड्या पुस्तकाचा शेवटचा धडा काय आहे माहितेय? काम पुरं झालं की न वापरलेलं सगळं काढून टाका, नाहीतर माणूस मागे वळत राहतो. मी इतकी वर्षं तो धडा वाचलाच नव्हता. या वेळी वाचला. एक बटण असतं, जे जे गाण्यात लागलं नाही ते ते कायमचं पुसलं जातं. मी पुरं केलं, आणि तुमचं हे तोंड!"

बासरीवाला बासरी पुसत जिन्याकडे सटकला. लेकीने बापाला जे सुनावलं ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून ऐकलं, आणि त्यांच्या कानांना ते बरंच वाटलं असणार, इतकी वर्षं त्यांनाही त्याने कुकर लावू दिला नव्हता. "तिला बोलता येत नव्हतं तेव्हा केलंत! बरोबर तेव्हाच!" लेक ओरडत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि तोंडातून अक्षर काढायची मुभा नव्हती. एक शब्द फुटला तर राहिलासाहिला आवाजही जाणार होता. त्या उठल्या, सरळ कपाटाकडे गेल्या आणि टेकच्या विजारी, कोट, सगळं एक एक करून जिन्यात फेकलं. मग भिंतीच्या गाद्या खाली ओढल्या आणि त्यावर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते विचारू नये. टेक चहा करून ठेवी, बाई तो मोरीत ओतत. तो "चुकलं" म्हणाला की बाई कान झाकत. गाणं त्याने दोन-चार ठिकाणी पाठवलं होतं, स्तुतीचे फोन येऊ लागले, आणि फोन वाजला की बाई खोलीतून उठून जात.

डॉक्टरांनी ज्या दिवशी बोलायची परवानगी दिली त्या दिवशी लेकीने सुट्टी घेतली. तिघं घरी आले. बाईंनी पाहिलं, तर खोलीच्या मधोमध माइक लावलेला, पंखा बंद, संगणकावर लाल दिवा चालू.

"पहिला शब्द," टेक चाचरत म्हणाला. "नवा आवाज. म्हटलं, निदान हा तरी..."

लेक केबल उपटायला धावली. बाईंनी हात धरून तिला थांबवलं. संगणकापाशी जाऊन त्यांनी पडद्यावरच्या त्या बंद ट्रॅकवर बोट ठेवलं आणि टेककडे पाहिलं. टेकचा चेहरा उतरला. त्याला समजलं. त्या दिवशीचे शब्द पुसले गेले होते, पण श्वास त्या गाण्यात होते, बंद ठेवलेले का होईना, आणि जे गाण्यात असतं ते पुसलं जात नाही. त्याने शब्दांचे ट्रॅक एक एक करून बंद केले आणि तो उघडला.

दम घेतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, जरा घाईचा. पुन्हा काही नाही. बाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. दोन श्वासांच्या मधल्या रिकाम्या जागेत ओळ अगदी मापात बसत होती. एका ठिकाणी श्वास थरथरला, तिथे ‘अजून’ फाटला होता. लेकीने तोंडावर हात घेतला. शेवटी एक लांब श्वास बाहेर पडला आणि ट्रॅक संपला. टेकने हेडफोन गळ्यातून काढून ठेवला.

"लोक विचारतायत," तो कसाबसा म्हणाला. "गाण्यावर नाव... तुझंच टाकायचं ना?"

बाईंनी दम घेतला. आवाज निघाला तो खोल होता, जाडाभरडा, लेकीच्या ओळखीचा नसलेला.

"तुझं टाक," त्या म्हणाल्या. "गायलास तू. मी जन्मभर नुसता दम काढला."

लेकीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि दार त्यांनी ओढून घेतलं नाही, आपटलं. लाल दिवा चालूच होता. बाईंचं ते बोलणं टेकच्या हातून पहिल्याच टेकमध्ये अखंड टिपलं गेलं, आधीच्या श्वासासकट.